बोटीच्या दिवसाची गोळी

खिडकीतून बाहेर सरकवलेली पाकिटं बघितली आणि मी म्हटलं, "ही आमची नव्हेत."

आतला माणूस दुसऱ्याच कुणाच्या तरी गोळ्या कात्रीनं कापत होता. वर न बघताच म्हणाला, "तुमचीच. नाव वाचा." वाचलं. नाव ह्यांचंच होतं, निलेश, पुढे वय, पुढे गाव, तेही आम्ही खोटंच सांगितलेलं. पण गोळी पांढरी होती, जाडजूड, मधोमध चीर पाडलेली. आमची गोळी पिवळी, लांबट. नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ ती मी ह्यांच्या तळहातावर ठेवत आले, डोळे मिटून हातात दिलीत तरी ओळखीन. मागची बाई कोपरानं ढोसत होती, "सरा गो वायच, बस चुकात माजी." मी सरले. पण पाकिटं पिशवीत टाकली नाहीत.

ह्यांना फिट यायच्या. एवढं वाक्य मोठ्यानं बोलायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि बोलले तेही डॉक्टरसमोर, दार लावून. वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. सासूला होतं, ती ते बरोबर घेऊन गेली. धाकटा दीर बाळा, त्याला संशय असेल नसेल. आमची सलोनी, तिला ह्या गोळ्या प्रेशरच्या. लपवायचं कारण काय म्हणाल तर एक समुद्र. हे बोट चालवायचे, पर्यटकांची, तारकर्लीहून सुटायची, डॉल्फिन दाखवून संगमावर फिरवून आणायची. सुकाणूवरच्या माणसाला फिट येते म्हटल्यावर कोण आपली पोरं त्या बोटीत बसवील? मी बसवीन काय? मुळीच नाही. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरीही रोज सकाळी मी ह्यांना डबा भरून द्यायची, असली मी. दुसरं कारण सलोनी. बांद्याच्या मितेशचं स्थळ, साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात. बापाला फिट येते म्हटलं की पहिला प्रश्न पोरीचा, दुसरा तिच्या होणाऱ्या पोरांचा. आमच्याकडे ते प्रश्न तोंडावर कोणी विचारत नाही हो. नुसता निरोप येतो, पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणून.

पहिली फिट माझ्यासमोर आली ती मसुऱ्याला, ह्यांच्या मावशीकडे गेलो होतो तेव्हा. सलोनी कडेवर होती. गावच्या देवळात ढोल वाजत होते, धूप इतका की समोरचं माणूस दिसेना, आणि एकदम हे माझ्या बाजूला ताठ झाले. दात खाल्ल्याचा आवाज मी ढोलातूनही ऐकला. खाली पडले, हातपाय झाडायला लागले, आणि लोकांनी काय करावं? बाजूला सरकून रिंगण केलं. कुणीतरी ओरडलं, "अवसार इलो! अवसार इलो!" देव अंगात आला म्हणून बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्यानं पुढ्यात नारळ ठेवला आणि आपल्या जमिनीचा दावा कधी निकालात निघणार म्हणून माझ्या नवऱ्याला, तोंडाला फेस आलेल्या माझ्या नवऱ्याला, हात जोडून विचारायला लागला. मला हसायला आलं असतं. पण ह्यांचं धोतर ओलं झालेलं मला एकटीला दिसत होतं, आणि मी सलोनीला खाली ठेवून तिथं बसले, माझा पदर त्यावर टाकला आणि मीही हात जोडले. दुसरं काय करणार? शुद्धीवर आले तेव्हा लोक पाया पडत होते. हे माझ्याकडे बघत होते, जत्रेत हरवून परत सापडलेल्या लहान मुलासारखे, आपण काय केलं ते न कळून. सलोनी अजून कुणी विचारलं तर अभिमानानं सांगते, माझ्या बाबांच्या अंगात एकदा देव आला होता.

पाकिटं घेऊन मी परत डॉक्टरांच्या खोलीत गेले. हे मागोमाग आले. हा दवाखाना आम्ही मुद्दाम लांबचा धरलेला, दोन बस बदलून जायचा, कारण मालवणात दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की संध्याकाळपर्यंत बंदरावर कळतं. डॉक्टर नवीन होत्या, तन्वी मॅडम, तरण्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या. समोर रांग दारापर्यंत. मी पाकिटं टेबलावर ठेवली.

"मॅडम, गोळी बदलून आली."

"बदलून नाही आली, मीच बदलली." त्यांनी बसा म्हणून हात केला. "सांगायचं गर्दीत राहून गेलं, सॉरी. तुमची आधीची गोळी आता यादीत नाही. सरकारी दवाखान्यात आम्हाला यादीतलंच लिहायचं असतं."

"मग बाहेरची चिठ्ठी द्या. आधीचे डॉक्टर द्यायचे. समोरच्या दुकानात मिळते."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, आता लिहितात. त्यांनी टोपण परत लावलं. "तेच बंद झालंय. बाहेरचं लिहिलं की वर खुलासा द्यायचा. माझे देऊन झालेत." मग म्हणाल्या, "यादी वाईट म्हणून केलेली नाही हो. काही लोक नको तितकी महाग औषधं लिहायचे, गरिबांना बाहेर पाठवायचे. ते थांबावं म्हणून केली. ही पण फिटचीच गोळी आहे, खूप वर्षं वापरात आहे, पुष्कळांना लागू पडते."

"आणि ह्यांना नाही पडली तर?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा हे भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते, त्यात एक बाई बाळाला दूध पाजत होती. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच एकदम बदलायची नाही. घरी जुन्या गोळ्या शिल्लक आहेत का? असतील तर काही आठवडे दोन्ही घ्यायच्या, मग जुनी थोडी थोडी कमी करायची."

आता घरी होत्या. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तांदळाच्या डब्यामागे, मी नेहमी संपायच्या आधी आणून साठवलेल्या. पण सरकारी टेबलासमोर उभं राहिलं की आपली जीभ आपली राहत नाही. रेशनवर साखर आहे का घरात म्हणून विचारलं तर कोण हो म्हणतं? आहे म्हटलं की मिळायचं बंद, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. मला वाटलं, नाहीत म्हटलं तर बाईंना लिहावंच लागेल, माणूस काय गोळीवाचून ठेवतील? मी म्हटलं, "नाहीत. आजच संपल्या."

मॅडमनी श्वास सोडला. "मग हीच सुरू करा, आजपासून, पूर्ण. चुकवायची नाही, एकही दिवस नाही. मी वर लिहून बघते, मंजुरी मिळते का. काम काय करता तुम्ही?"

"बागेत," हे म्हणाले. "माड, सुपारी."

"झाडावर चढू नका. गाडी नको. पाण्याजवळ एकटं जायचं नाही."

"होय मॅडम," हे म्हणाले, शाळेतल्यासारखे. आणि आम्ही दोघं शहाणी माणसं, एकमेकांचं खोटं पाठीशी घालून, बाहेर पडलो. तिनं जे विचारलं त्याचं खरं उत्तर एकालाही देता आलं नाही. मी नंतर पुष्कळ वेळा त्या बाईला शिव्या दिल्या मनात, जळ्ळं तुझं पेन म्हटलं, पण शिव्या पुऱ्या होत नाहीत. मध्येच तिचं ते टोपण लावणं दिसतं.  

समोरच्या दुकानदारानं जुनी चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली. "तारीख बघा काकू. नवीन आणा, देतो." बसमध्ये मी ह्यांना म्हटलं, कुडाळला डोक्याचा डॉक्टर येतो रविवारी, त्याच्याकडे जाऊ, जातील पैसे तर जाऊ देत. हे खिडकीबाहेर बघत होते. कंडक्टर पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "थंय आपल्या वाडीतली दोगा-तिगा बसलेलीच आसतत. बाकड्यार बाजूक बसान काय सांगू तेंका? वारो खावक इलंय?"

"मग गोव्याक जावया."

"जावया. चेडवाचा लगीन होवंदे. मगे म्हणशीत थंय जावया, तुज्या मुंबैक जावया." आणि हसले. ह्यांचं हसणं असं की समोरच्याचं भांडण अर्ध्यावर राहायचं. कितीदा राहिलं माझं.

बोटीच्या दिवसाची गोळी ही युक्ती ह्यांचीच. त्याच संध्याकाळी पडवीत दोर गुंडाळता गुंडाळता सुचली. माझ्या नवऱ्याची एक पद्धत होती, म्हणजे आमच्या सगळ्याच माणसांची असते: चांगला दोर पाण्यावर न्यायचा, कुजका घरी वापरायचा. कपडे वाळत घालायला, वासरू बांधायला, कुजका. तो तुटला तर काय होणार, धोतर मातीत पडेल. म्हणाले, "आयक. बरणयेत गोळयो किती आसत? रोज खाल्लंय तर सोपतले. बोट आसा त्या दिसा आपली खातंय. बोट नाय त्या दिसा सरकारी. लग्नापर्यंत पुरतले."

"मॅडमनी सांगल्यान रोज एकच म्हणान."

"मॅडमक बोट खंय ठावक आसा?"

ह्याला मी काय बोलणार? उलट मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला बरं वाटलं. दवाखान्यापासून नुसती धास्ती घेऊन फिरत होते, आता निदान काहीतरी हातात आलं. भीती तरी कसली होती आम्हाला? पाण्याची. बोट उलटेल, पोरंबाळं बुडतील, हे सुकाणूवरून पाण्यात जातील, हीच चित्रं बघून मी जागी व्हायची. जमिनीवर फिट आली तर आली, मी आहे, दार लावीन, कुशीवर वळवीन, कुणाला कळणार नाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की हा आजार समुद्रावरच येतो. डोकं माणसाबरोबर घरीही येतं, हे काही सुचलं नाही. आपल्याला जिथं भीती वाटते तिथंच मरण बसलंय असं धरून चालायचं, बाकी सगळीकडे मोकळं.

मग मी वाटप करायला लागले. सकाळी उठले की आधी आभाळ बघायची, मग बंदरावर वाऱ्याचा, धोक्याचा ध्वज लागलाय का बघायची, मग ह्यांना विचारायची, "बोट आसा?" हो म्हणाले की पिवळी. नाही म्हणाले की पांढरी. कधी सकाळी बोट नसायची आणि दुपारी पुण्याची माणसं येऊन उभी राहायची, मग पांढरीच्या डोक्यावर पिवळी. सोमवार-मंगळवार पर्यटक कमी, पांढरी, पांढरी. शनिवार-रविवार पिवळी. बरणीतल्या गोळ्या टिकत होत्या म्हणून मला समाधान, शाबासकी द्यावीशी वाटायची स्वतःला. लग्नाची खरेदी चालली होती. सलोनी साड्यांचे फोटो मितेशला पाठवायची, तो कुठलीही आवडली म्हणायचा आणि ही चिडायची. घरात हसणं होतं. आणि त्या हसण्याच्या मागं मी एकटी वास घेत फिरायची.

वास म्हणजे काय तर ह्यांना फिट यायच्या आधी जळका वास यायचा. सोडणं जळल्यासारखा, म्हणजे नारळाची सालं चुलीत घातल्यावर येतो तसा. आता आमच्या वाडीत घरोघरी आंघोळीचं पाणी सोडणांवरच तापतं. सकाळ झाली की सगळी वाडी तोच वास. नऊ वर्षं तो वास विसरायला झालं होतं. पांढरी गोळी आल्यावर एकदा जेवताना ह्यांचा हात थांबला. "सोडणां जाळता काय गो कोण?"  दुपारचे सगळे जेवत होते, कुणाची चूल पेटलेली नव्हती. मी धावत मागच्या दारी गेले, शेजारच्या सुभद्राकाकीच्या न्हाणीकडे बघितलं. धूर होता! काकीचा मुलगा बाहेरगावाहून आला होता, त्याच्यासाठी पाणी तापत होतं. मी तिथंच खाली बसले आणि हसले, आणि मग रडले. काकी म्हणाली, "काय झाला गो शर्मिला? लग्न जवळ इला म्हणान रडतंस?" मी म्हटलं व्हय. हे बाई मला फार सोपं जातं, व्हय म्हणणं.

पण नुसता वास नव्हता. हे बदलत होते. पांढरी घेतली की सुस्त व्हायचे, पडवीत बसल्या बसल्या मान पडायची. बोलताना शब्द सापडायचा नाही. एकदा सलोनीला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले, नाव येईना. ती हसली, "बाबा, माका इसारलास? अजून लगीन जावक नाय!" हेही हसले. माझ्याकडे बघितलं तेव्हा हसत नव्हते. रात्री अंथरुणात माझा हात धरून म्हणाले, "शर्मिला, ह्या डोक्यात कोणतरी दुसरो येवन बसल्यासारख्या वाटता. माज्या आदी तो उठता." मी काय म्हटलं? मी म्हटलं, "झोपा आता. लग्न होवंदे." दुसऱ्या दिवशी पिवळी दिली, बोट होती, आणि हे परत आपले झाले, शीळ घालत गेले बंदरावर. मला वाटलं, बघ, आहे ना सगळं हातात. एका बाईला दोन नवरे असावेत तसं चाललं होतं, एक सुट्टीचा, एक बोटीचा. मला कळायला हवं होतं. पण मला कळून घ्यायचं नव्हतं, मला मार्गशीर्ष गाठायचा होता.

ती यादी कुठं बनते मी पुष्कळदा मनात बघितलं आहे. मोठी खोली असेल, पंखे, चहा. चांगली माणसं असतील, मॅडमसारखी. एकेक औषधाचं नाव वाचत असतील, हे ठेवा, हे काढा, ह्याच्या जागी ते चालतं. आणि चालतही असेल हो. शंभरांत नव्वदांना चालत असेल. उरलेल्या दहा जणांत कुणी बोट चालवतो आणि बागेत काम करतो म्हणून सांगतो, कुणाच्या बायकोनं बरणी लपवलेली असते, हे त्या खोलीत कुणाला कसं दिसावं? पण मला राग येतोच. माणूस नऊ वर्षं नीट चालतोय तर त्याला हात कशाला लावायचा? चालत्या इंजिनात कोण हात घालतं? हे स्वतः कधी घालायचे नाहीत. इंजिन नीट वाजत असलं की झाकणसुद्धा उघडू द्यायचे नाहीत बाळाला.

तुळशीच्या लग्नानंतर वारा उठला. समुद्रावर जाऊ नये म्हणून सांगितलं गेलं, ध्वज लागले, पर्यटकांनी हॉटेलांचे पैसे परत मागितले. बोट बंद. पहिल्या दिवशी पांढरी. दुसऱ्या दिवशी पांढरी. वारा काही पडेना आणि आमच्या घरात सगळे दिवस पांढरे झाले. मला बरंच वाटत होतं, मूर्ख मी, म्हटलं पिवळ्या वाचल्या, आणि हे डोळ्यांसमोर आहेत, पाण्यावर नाहीत. त्या सकाळी हे गोळी हातात घेऊन जरा वेळ बघत बसले. म्हणाले, "आज आपली दी गो."

मी म्हटलं, "बोट खंय आसा आज?"

"नाय. पण दी."

"लग्नाच्या दिवसांत कमी पडतले," मी म्हटलं. आणि पाण्याचा पेला पुढे केला. ह्यांनी पांढरी घेतली. भांडले नाहीत. मला वाटतं भांडले असते तर दिली असती. का कोण जाणे, दिली असती.

दुपारी भरती यायच्या आधी वाडीतल्यांनी बोटी वर ओढायचं ठरवलं. आमच्याकडे ते एकट्यादुकट्याचं काम नाही. एकाची बोट ओढायची तर सगळी वाडी दोराला लागते, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. आमची सगळ्यात शेवटी होती. मी वर सुरूच्या बनापाशी चहाची किटली घेऊन उभी होते, बाकीच्या बायकाही होत्या. माणसं दोराला होती, पाठी आमच्याकडे. हे मागे, पाण्यात, गुडघाभर पाण्यात, बोटीच्या मागच्या बाजूला खांदा लावून. कुणीतरी हाळी दिली, सगळ्यांनी जोर केला, बोट सरकली, वाळूत वर आली, लोक ओरडले, हसले. बाळा दोर टाकून माझ्याकडे वळला, "वयनी, च्या आण!" मी किटली उचलली. आणि मला बोटीमागं कुणी दिसलं नाही.

मी ओरडले का? म्हणतात ओरडले. मला आठवतं ते एवढंच, की किटली हातात तशीच घेऊन मी उतारावरून पळत होते आणि चहा पायांवर सांडत होता. हे पालथे होते. लाट यायची, अंगावरून जायची, परत फिरताना पाणी घोट्याएवढं व्हायचं. घोट्याएवढं! उताणे पडले असते तर काही झालं नसतं. बाळानं उलटे केले, पाणी काढलं, तोंडानं वारा भरला. कुणीतरी रिक्षा आणली. ज्या माणसानं भर वाऱ्यात संगमावरून बोट परत आणली होती, दर्यात पडलेल्या तीन पोरांना केसाला धरून वर काढलं होतं, तो माणूस पोरं होडी होडी खेळतात तेवढ्या पाण्यात गेला. आणि पाठी वळवून उभे असलेल्या पन्नास माणसांपैकी एकालाही आवाज आला नाही. फिटला दात खाल्ल्याएवढाच आवाज असतो. मला ठाऊक आहे, मला एकटीलाच ठाऊक आहे.

संध्याकाळी घर भरलं. ह्यांना अजून आणलं नव्हतं, कापाकापी चालली होती तिकडे. बायकांनी मला मधल्या खोलीत बसवलं, सलोनी माझ्या मांडीवर पडून रडत होती, ते रडणं असं की छातीतून हाडं बाहेर येतील. बाहेर पडवीतलं बोलणं आत येत होतं. "गुडग्याएवड्या पाण्यात?" "असो कसो बुडात निलेश?" "पोवणारो माणूस." मग आवाज खाली गेले. खाली गेलेले आवाज मला जास्त ऐकू येतात. "दुपारी झोकांडी जायत होती तेका, मिया बघलंय." "चार दिस बोट नाय, घराकडे बसान आणि काय करतलो?" मला वाटलं उठावं आणि एकेकाचं तोंड फोडावं. ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. गोळ्यांवर चालत नाही म्हणून लग्नकार्यात, होळीत, मित्रांच्या चेष्टा सोसून लिंबू सरबत प्यायचे. त्या चेष्टा करणारेच बाहेर बसले होते.

मग बाळा आत आला. त्याचे डोळे सुजलेले. माझ्यासमोर उकिडवा बसला. "वयनी, मितेशचे वडील इलेत बांद्यासून. विचारतत." त्याच्या मागं भिकाजीराव दारात उभे होते, टोपी हातात घेतलेले, भला माणूस. त्यांनी बायकांकडे बघितलं, मग शुद्ध मराठीत, कचेरीत बोलतात तसं, जपून म्हणाले, "विहीणबाई, वेळ नाही ही विचारायची. पण लोक काहीबाही बोलतात. निलेशरावांना काही... काही आजार वगैरे होता का?"

 सुभद्राकाकीचा वारा घालायचा हात थांबला. मी भिकाजीरावांच्या पायांकडे बघत होते, बोटांच्या फटीत बांद्यापासूनची धूळ होती. होता म्हटलं की मोकळी झाले असते मी. माझा नवरा प्यालेला नव्हता, त्याला मी चुकीच्या दिवशी चुकीची गोळी दिली, यादीत नव्हती म्हणून दिली, पिवळ्या लग्नापर्यंत उराव्यात म्हणून दिली, एवढं सगळं बाहेर पडलं असतं आणि त्याचं नाव धुऊन निघालं असतं. सलोनीचं डोकं माझ्या मांडीवर जड होतं. तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती.

"आजार कसलो," मी म्हटलं. "कायेक नाय."

ते उभेच राहिले. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं, घेऊन जायला. बाळा म्हणाला, अगदी हळू, "वयनी, दादान घेतल्यान होती?"

दारू पत्रिकेत निघत नाही. दारू बापाबरोबर सरणावर जाते, पोरीच्या पोटी उतरत नाही. मी म्हटलं, "व्हय."

भिकाजीरावांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं, त्यांना लपवताही आलं नाही. म्हणाले, "असो. मरणाऱ्याला काय बोलायचं. लग्नाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वर्षाच्या आत उरकून टाकू." आणि टोपी घालून बाहेर गेले. बाहेर लगेच कुजबुज सुरू झाली, मग कुणीतरी सुस्कारा टाकला, सगळ्यांना एकदम सगळं समजल्यासारखा.

सलोनीनं माझ्या मांडीवरून डोकं उचललं. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. "बाबा पियत?" तिनं विचारलं. "आई, बाबा पियत होते? माजा लगीन तोंडार आसताना?"

मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"तेंच्यान लग्नापर्यंत तितक्यांय रवाक नाय?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्यापासून जरा बाजूला भिंतीला टेकून बसली. बाहेर गाडीचा आवाज आला, बायका उठल्या, काकीनं मोठ्यानं गळा काढला. ह्यांना आणलं होतं. मी सलोनीला म्हटलं, "चल गो, उठ, तेंका बघ." ती उठली, ओढणी नीट केली, आणि बाहेर जाऊन बापाच्या पायांशी उभी राहिली. सगळे रडत होते. ती एकटी रडली नाही.